धम्मसाधनेचा पाया : नव्याने सुरुवात करणाऱ्या उपासक-उपासिकांसाठी

मराठवाड्यात धम्माकडे नव्याने वळणारी माणसे साधारणपणे दोन वाटांनी येतात. काहींच्या घरी १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या काळापासून वंदना म्हटली जाते. त्रिसरण-पंचशील त्यांना शाळेत जाण्याआधीच तोंडपाठ झालेले असते, पण ते शब्द रोजच्या वागण्यात कसे उतरवायचे हे कुणी समोर बसवून शिकवलेले नसते. काहींचा बौद्ध कुटुंबाशी काहीच संबंध नसतो. वाचनातून, अजिंठा-वेरूळच्या भेटीतून किंवा मनाच्या अस्वस्थतेतून त्यांना बुद्धाच्या मार्गाची ओढ लागलेली असते. हा लेख दोघांसाठीही आहे, कारण दोघांचाही पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ध्यान कसे करायचे? या प्रश्नाचे उत्तर पुढे सविस्तर येईल. मात्र त्याआधी करण्यासारखे बरेच काही आहे आणि ते वगळून थेट डोळे मिटून बसणारी माणसे महिन्या-दोन महिन्यांत साधना सोडून देतात, असा माझा अनुभव आहे.

छत्रपती संभाजीनगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली महाविद्यालय सुरू केले. पुढे त्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. ज्या मिलिंद राजाच्या आणि बौद्ध भिक्षू भदंत नागसेनांच्या संवादावरून ही नावे आली, त्या संवादात राजा विचारतो की शीलाचे लक्षण काय. नागसेन उत्तर देतात की सर्व कुशल गुणांचा आधार असणे हेच शीलाचे लक्षण होय, आणि पुढे दाखला देतात : कसरतीचा खेळ करणारा माणूस खेळ दाखवण्याआधी जमीन उकरतो, खडे आणि खापऱ्या वेचून काढतो, माती मऊ करतो आणि मगच उड्या मारतो. साधनेची सुरुवात नेमकी कुठून करायची, याचे इतके स्पष्ट उत्तर मला दुसरीकडे सापडलेले नाही. स्वतः बुद्धही गृहस्थांना उपदेश करताना आधी दानाविषयी, मग शीलाविषयी बोलत आणि ऐकणाऱ्याचे मन तयार झाले आहे असे दिसल्यावरच चार आर्यसत्ये सांगत. आपणही त्याच धोरणाने, म्हणजे आधी पाया आणि मग ध्यान, असे जाऊ. फक्त दिवसाची सुरुवात वंदनेने होत असल्यामुळे आधी तिच्याकडे वळू.

पहिली पायरी : जागा, वेळ आणि त्रिसरण

घरातली एक जागा ठरवा. स्वतंत्र खोली हवी असे मुळीच नाही. दोन खोल्यांच्या घरात भिंतीवरची एक फळी आणि त्यासमोर सतरंजी अंथरण्याएवढी मोकळी जमीन पुरेशी आहे. फळीवर बुद्धाची मूर्ती किंवा प्रतिमा आणि बाबासाहेबांची प्रतिमा ठेवावी. मेणबत्ती, अगरबत्ती, फुले मिळाली तर उत्तम, मिळाली नाहीत म्हणून वंदना चुकवू नये. वेळ शक्यतो पहाटेची असावी. आपल्याकडे मार्च ते जून या काळात दुपारी बसवत नाही आणि संध्याकाळी शेतातून किंवा कामावरून आलेले शरीर झोप मागते, हे लक्षात घेऊनच वेळ ठरवावी आणि एकदा ठरवली की बदलू नये.

‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’ हे बुद्धाला नमस्कार करणारे पाली वाक्य तीनदा म्हणावे, मग बुद्ध, धम्म आणि संघ यांना तीनदा शरण जावे, त्यानंतर पंचशील घ्यावे. हे सगळे पाच मिनिटांत होते, पण घाई करू नये. शरण जाण्याचा अर्थ समजून घेणे महत्त्वाचे आहे. बुद्धाकडे नवस बोलायचा नसतो, संकटातून सोडवण्याचे साकडे घालायचे नसते. तो मार्ग दाखवणारा आहे आणि चालायचे आपले आपणच आहे. ज्यांच्या घरात पूर्वीपासून देवाला काहीतरी मागण्याची सवय आहे, त्यांना हा बदल सुरुवातीला जड जातो. परीक्षेला जाणाऱ्या मुलाने मूर्तीसमोर हात जोडून ‘पास होऊ दे’ म्हणण्याऐवजी ‘आज मी चित्त स्थिर ठेवून लिहीन’ असे म्हटले, तर तो बदल झाला असे समजावे.

श्रद्धा कशी असते हे पाहायचे असेल, तर संभाजीनगरच्या विद्यापीठामागच्या डोंगरातील लेण्यांत एकदा अवश्य जाऊन यावे. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या गर्भगृहात बुद्धमूर्तीसमोर स्त्री-पुरुष उपासकांचा एक समूह दगडात कोरलेला आहे. या आकृती जवळजवळ खऱ्या माणसाएवढ्या आहेत. सारे गुडघे टेकून बसलेले, हात जोडलेले, कुणाच्या हातात माळ. स्त्रियांची केशरचना आणि दागिने इतक्या बारकाईने कोरलेले आहेत की ही खऱ्याखुऱ्या माणसांवरूनच घडवली असावीत असे वाटते. ती भिक्षूंची शिल्पे नाहीत, घरदार सांभाळणाऱ्यांची आहेत. त्यांच्या चेहऱ्यांवर मागण्याचा भाव मला कधी दिसला नाही. दिसते ते ऐकून घेण्याचे एकाग्रपण.

श्रद्धेच्या जोडीला प्रश्न विचारण्याचा हक्कही धम्मात आहे. केसपुत्त गावच्या कालामांनी जेव्हा विचारले की अनेक गुरू येतात आणि प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, तेव्हा ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा आपला गुरू सांगतो आहे, एवढ्यावरून काहीही स्वीकारू नका, असेच बुद्धाने त्यांना सांगितले. एखादी गोष्ट आचरल्याने लोभ, द्वेष आणि मोह वाढतो की कमी होतो, हे स्वतः पडताळावे. या लेखातील सूचनाही तशाच पडताळून पाहाव्यात.

दुसरी पायरी : पंचशील, एकेका शीलावर एकेक आठवडा

पाचही शीले रोज म्हणावीत, मात्र लक्ष एका आठवड्यात एकाच शीलावर ठेवावे. पाच आठवडे झाले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. पंचशीलातील प्रत्येक शील हा शिकण्याचा नियम म्हणून आपण आपल्या इच्छेने स्वीकारतो. तो मोडला तर कुणी शिक्षा करत नाही, पुन्हा घ्यायचा असतो.

पहिले शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे. कापूस, सोयाबीन आणि तूर घेणारा शेतकरी इथे लगेच विचारतो की फवारणीचे काय. हा प्रश्न टाळता कामा नये, कारण मराठवाड्यातील बहुसंख्य उपासकांचे पोट शेतीवर किंवा शेतमजुरीवर आहे. कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत आहे, असे बुद्धाने सांगितले. पीक वाचवण्यासाठी नाइलाजाने केलेली फवारणी आणि गंमत म्हणून सरडा किंवा साप मारणे यांत हेतूचा मोठा फरक आहे. तरीही ‘हेतू चांगला होता’ एवढे म्हणून मोकळे होता येत नाही. शेतात कामगंध सापळे लावून किडीचा अंदाज घेणे, निंबोळी अर्क वापरून पाहणे, शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारण्याची सवय सोडणे, मित्रकीटक ओळखायला शिकणे, आणि औषध फवारणाऱ्या मजुराला हातमोजे व तोंडाला मास्क दिल्याशिवाय शेतात न पाठवणे, एवढे तर आपल्या हातात आहे. शेवटची गोष्ट माझ्या मते सर्वांत आधी यायला हवी. बोंडअळीची काळजी करणाऱ्याने पंप पाठीवर घेतलेल्या माणसाची काळजी आधी करावी.

दुसरे शील न दिलेले घेण्याविषयी आहे. चोरी म्हटली की आपल्याला दरोडा आठवतो आणि आपला त्याच्याशी संबंध नाही असे वाटते. विजेच्या तारेवर टाकलेला आकडा, कामावर न जाता हजेरीपटावर लावलेले नाव, दोन मुकादमांकडून उचलून ठेवलेली ऊसतोडीची उचल, आणि उलट बाजूने मुकादमाने मजुरांच्या हिशोबात मारलेला हात, हे सगळे याच शीलात येते. तिसरे शील कामवासनेतील दुराचारापासून दूर राहण्याचे. त्यात फसवणूक, जबरदस्ती आणि दुसऱ्याच्या संसारात ढवळाढवळ हे तर आहेच, पण फोनवरून कुणाला त्रास देणे हेही त्यातच मोडते, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे.

चौथे शील खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे. त्यावर मात्र थांबायला हवे. नवोदितांना ते सर्वांत सोपे वाटते आणि प्रत्यक्षात सर्वांत जास्त वेळा तेच मोडते. वाणीचे दोष चार आहेत : खोटे बोलणे, चहाडी करून दोघांत फूट पाडणे, कठोर बोलणे आणि निरर्थक बडबड. ‘दारात कोण आले ते बघ आणि मी घरी नाही म्हणून सांग’ असे मुलाला सांगणारा बाप एका वाक्यात स्वतःही खोटे बोलतो आणि मुलालाही शिकवतो. भावकीतली भांडणे बांधावरून सुरू झाली असे म्हणतात, पण ती पेटत ठेवण्याचे काम बहुतेक वेळा चहाडीच करते. मोबाइलवर आलेला संदेश खरा की खोटा हे न पाहता दहा गटांत पुढे पाठवणे, हेसुद्धा वाणीचेच कर्म समजावे. या आठवड्यात एकच प्रयोग करा : जो माणूस समोर नाही त्याच्याविषयी, तो समोर असता तर जे बोललो नसतो, ते बोलायचे नाही. पहिल्या दिवशी पारावर किंवा कँटीनमध्ये बसल्यावर आपल्याजवळ बोलायला फारसे काही उरत नाही, हे लक्षात येईल. ते जाणवणे हीच भावनेची, म्हणजे मनाच्या साधनेची, सुरुवात आहे.

पाचवे शील मद्य आणि नशेपासून दूर राहण्याचे. यात तडजोड नको, असे मी ठामपणे म्हणतो. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि त्यामागे वस्त्यावस्त्यांतील उद्ध्वस्त झालेले संसार आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत किंवा लग्नाच्या वरातीत ‘आजच्या दिवस चालते’ म्हणणाऱ्याला शांतपणे नकार द्यावा. बुद्धाने उपासकासाठी जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यांत शस्त्रे, माणसे, मांस आणि विष यांच्याबरोबर मद्यही आहे, तेव्हा पिणे आणि विकणे दोन्ही टाळावे. व्यसन जुने असेल आणि एकदम सोडल्याने हातपाय थरथरणे, झोप उडणे असा त्रास होत असेल, तर लाज न बाळगता डॉक्टरांकडे जावे. व्यसनमुक्तीच्या उपचारात कमीपणा नाही.

रोज रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटांचा आढावा घ्यावा. बुद्धाने आपला मुलगा राहुल याला सांगितले होते की कोणतेही कर्म करण्याआधी, करत असताना आणि करून झाल्यावर स्वतःला विचार, याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही इजा होते का? चुकले असेल तर ते जाणत्या माणसाजवळ बोलून दाखवावे आणि पुढे जपावे, एवढेच तिथे सांगितले आहे. स्वतःला कोसत बसण्याची तिथे आज्ञा नाही. अनेक प्रामाणिक उपासक नेमके तेच करत बसतात आणि थकतात.

तिसरी पायरी : दान

दान म्हणजे विहाराच्या पेटीत टाकलेले पैसे, एवढाच समज सर्वत्र आहे. दानाचा खरा उपयोग देणाऱ्याच्या मनाची पकड सैल होण्यासाठी आहे, म्हणून ते नियमित आणि आपल्याला थोडे जाणवेल इतके असावे. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ज्याच्या बोअरला पाणी आहे त्याने शेजारच्या दोन घरांना दोन-दोन हंडे भरू देणे, हे मराठवाड्यातले फार मोठे दान आहे. मी पाहिलेले एक घर असे आहे की तिथली आजी मे महिन्यात दारासमोर रांजण ठेवते, रोज पहाटे तो स्वतः घासते, ओले फडके गुंडाळते आणि रस्त्याने जाणाऱ्याला ‘घोटभर घ्या’ म्हणून थांबवते. कोण कुठल्या जातीचा हे तिने कधी विचारले नाही. रक्तदान, दहावीच्या मुलांची शिकवणी, आजाऱ्याबरोबर जिल्हा रुग्णालयात जाऊन रांगेत उभे राहणे, हीही दानेच आहेत. कर्ज काढून मात्र दान करू नये. सिगाल नावाच्या गृहस्थाला बुद्धाने केलेल्या उपदेशात मिळकतीचे चार भाग करून एक भाग उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवण्यास सांगितले आहे. गृहस्थाने आधी घर सावरावे, हाच त्याचा रोख आहे.

चौथी पायरी : आनापानसती आणि मैत्री

शीलाचे एक आवर्तन पूर्ण झाले की वंदनेनंतर दहा मिनिटे बसायला सुरुवात करावी. मांडी घालून, खाली जाड घडी ठेवून बसावे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसले तरी चालते. पाठ ताठ, पण ताणलेली नको. डोळे मिटावेत आणि नाकपुड्यांपाशी आत येणारा व बाहेर जाणारा श्वास नुसता जाणावा; यालाच आनापानसती म्हणतात. श्वास लांब असेल तर लांब आहे, आखूड असेल तर आखूड आहे, एवढेच जाणायचे. तो मुद्दाम रोखायचा किंवा खोल करायचा नाही. थोड्याच वेळात मन सोयाबीनच्या भावाकडे, मुलीच्या लग्नाकडे किंवा कालच्या भांडणाकडे जाईल. गेले हे लक्षात आले की न चिडता पुन्हा श्वासावर आणावे. हे दहा मिनिटांत पन्नास वेळा करावे लागले तरी साधना व्यवस्थित चालली आहे असेच समजावे, कारण गेलेले मन ओळखून परत आणणे हाच सराव आहे. प्रकाश दिसणे, अंग हलके होणे, आवाज ऐकू येणे अशा अनुभवांची वाट पाहू नये आणि आलेच तर त्यांचा बोलबाला करू नये.

मनाला अडवणारी पाच नीवरणे ग्रंथांत सांगितली आहेत : विषयांची ओढ, द्वेष, सुस्ती, अस्वस्थता व पश्चात्ताप, आणि शंका. रोज बसल्यावर आज कोणते आले आहे ते ओळखावे. ओळखल्यानेच त्याचा जोर बराच कमी होतो. शेतात राबणाऱ्यांना आणि रात्रपाळी करणाऱ्यांना सर्वाधिक त्रास सुस्तीचा होतो. यावर बुद्धाने आपला शिष्य मोग्गल्लान याला दिलेला सल्ला मला फार प्रिय आहे, कारण तो इतका व्यवहारी आहे. ज्या विचाराने झोप आली तो सोड, ऐकलेल्या धम्माची आठवण कर, तो मोठ्याने म्हण, कान ओढ आणि हातपाय चोळ, उठून डोळ्यांना पाणी लाव आणि आकाशातील तारे पाहा, उजेडाचे स्मरण कर, येरझारा घाल, आणि एवढे करूनही झोप जात नसेल तर उठण्याची वेळ मनाशी ठरवून उजव्या कुशीवर सरळ झोप. थकलेल्या शरीराला झोपेची परवानगी देणारा हा शेवटचा भाग विसरू नये.

श्वासावर बसल्यानंतर पाच मिनिटे मैत्रीभावना करावी. ‘मी सुखी असो, निर्वैर असो’ इथून सुरुवात करून मग एखादे प्रिय माणूस, मग ओळखीचे पण ना जवळचे ना दूरचे असे कुणी, मग ज्याच्याशी आपले पटत नाही असा माणूस आणि शेवटी सर्व प्राणी, या क्रमाने जावे. सर्वांत मोठ्या शत्रूपासून सुरुवात करू नये; ते जमत नाही आणि मन उलट कडवट होते.

मराठवाड्यात मैत्रीविषयी बोलताना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर इथल्या दलित-बौद्ध वस्त्यांनी जे सोसले आणि १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत जो लढा चालला, त्याची आठवण अनेक घरांत अजून ताजी आहे. मैत्री करायची म्हणजे अन्याय गिळायचा, असा अर्थ कुणी काढला तर तो साफ चुकीचा आहे. अत्याचार झाला तर तक्रार करावी, न्यायालयात जावे, संघटितपणे उभे राहावे. फक्त हे करताना मनात द्वेषाला घर करू देऊ नये, कारण द्वेष प्रथम आपलीच प्रज्ञा आंधळी करतो. प्रज्ञा, शील आणि करुणा यांची सांगड घालून जगण्याची प्रतिज्ञा आपण घेतलेली आहे, आणि करुणेला धैर्य लागते.

पाचवी पायरी : संगत

बुद्धाचा शिष्य आनंद एकदा त्याला म्हणाला की कल्याणमित्र, म्हणजे चांगल्या वाटेवर नेणारा मित्र, लाभणे म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य, अर्थात अर्धे धम्मजीवन होय. बुद्धाने त्याला दुरुस्त केले आणि अर्धे नव्हे, पूर्ण, असे सांगितले. म्हणून एकट्याने फार काळ रेटू नये. गावातल्या किंवा नगरातल्या विहारात आठवड्याच्या वंदनेला जावे. विहार बंद राहत असेल तर चार घरांनी मिळून किल्ली मागून घ्यावी, झाडलोट करावी आणि ठरल्या वेळी बसावे. अध्यक्ष कोण, फलकावर नाव कुणाचे, या वादात नवोदिताने पडू नये. कल्याणमित्र ओळखण्याची खूण सोपी आहे : जो आपल्या चुका आपल्याजवळ सांगतो आणि आपले गुण इतरांजवळ.

पौर्णिमेला शक्य असेल त्यांनी अष्टशील, म्हणजे आठ शीले, घेऊन उपोसथ हा व्रताचा दिवस पाळावा. त्या दिवशी पांढरी वस्त्रे घालतात, ब्रह्मचर्य पाळतात, दुपारी बारानंतर जेवत नाहीत, नाचगाणी-करमणूक व साजशृंगार टाळतात आणि उंच, गुबगुबीत बिछान्याऐवजी साध्या अंथरुणावर झोपतात. मधुमेह असणाऱ्यांनी, गरोदर व बाळंत स्त्रियांनी आणि कष्टाचे काम करणाऱ्यांनी जेवणाचा नियम शिथिल ठेवावा; बाकीची शीले तरी पाळता येतात. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास ही नवोदितासाठी सर्वांत चांगली संधी आहे, कारण या तीन महिन्यांत आपल्याकडील बहुतेक विहारांत बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामूहिक वाचन होते. रोज एक प्रकरण ऐकावे आणि न समजलेले तिथेच विचारावे. पावसाळ्यात भिक्षूंनी फिरती थांबवून एका जागी राहण्याची ही रीत किती जुनी आहे ते अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात दिसते. तिथल्या छोट्या खोल्यांत झोपण्यासाठी दगडातच ओटे कोरलेले आहेत. लेणी पाहायला जाताना अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते हे लक्षात ठेवावे, चैत्यगृहात मोठ्याने बोलू नये आणि चित्रांना किंवा शिल्पांना हात लावू नये.

दहा दिवसांच्या निवासी शिबिराविषयी अनेक जण सुरुवातीलाच विचारतात. श्रामणेर शिबिरे, म्हणजे काही दिवस नवदीक्षित भिक्षूसारखे राहण्याची शिबिरे, मराठवाड्यात ठिकठिकाणी भरतात. सत्यनारायण गोयंका यांनी रुजवलेल्या परंपरेतील विपश्यना शिबिरांत पूर्ण मौन असते, फोन जमा करावा लागतो, पहाटे चारला दिवस सुरू होतो आणि शुल्क आकारले जात नाही. तिथला खर्च पूर्वीच्या साधकांच्या दानातून चालतो. माझा सल्ला असा की घरी निदान तीन महिने पंचशील आणि रोजचे बसणे टिकले, तरच नाव नोंदवावे. ज्यांच्यावर मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊ नये, आणि अर्जात ती माहिती लपवू नये. शिबिराहून परतल्यावर घरच्यांना उपदेश करण्याची घाई करू नये. पहिला महिना भांडी घासणे, जनावरांचा चारा आणि मुलांचा अभ्यास यांत नेहमीपेक्षा थोडा जास्त हात लावावा आणि पहाटेची ठरलेली वेळ पाळत राहावी.